शुद्ध तुपातला निबंध

आप्पासो मगदूम यांच्या तुपाच्या दुकानावर एकच पाटी होती : ‘आमच्याकडे वनस्पती मिळत नाही.’ चुकून कुणी डब्यातलं वनस्पती तूप मागितलंच, तर आप्पासो त्याला आधी चूळ भरून यायला सांगत. त्यांची मुलगी त्रिशला बी.एस्सी.ला बॉटनी घेणार होती. बॉटनी म्हणजे डॉक्टरकीच्या अलीकडचं काहीतरी, अशी आप्पांची समजूत होती आणि तिला त्यांचा भरघोस आशीर्वाद होता.

अडचण एवढीच, की जागा थोड्या आणि मुलं फार. ‘हा विषय मला का हवा’ यावर मराठीत एक पान लिहून द्या, त्यावरून मुलाखत घेऊन निवड होईल, असं विभागप्रमुखांनी सांगितलं होतं. त्रिशलाने जीव ओतून लिहिलं, पण खाडाखोड फार झाली. तिला मावशीच्या घरच्या लग्नासाठी कोडोलीला जायचं होतं. आप्पांचं अक्षर मोत्यासारखं, तेव्हा त्यांनी ते उतरवून कॉलेजात द्यावं असं ठरलं.

आप्पा चष्मा लावून बसले आणि पहिल्याच ओळीला अडखळले. ‘मला लहानपणापासून वनस्पतींचे वेड आहे.’ पुढे होतं, ‘आमच्या घरी वनस्पतींना देवासारखे जपतात.’

त्यांनी बायकोला हाक मारली. “ऐकलंस काय? पोरीनं दुकान बुडवायचा घाट घातलाय.”

रत्नाबाई म्हणाल्या, “लिहिताना चुकली आसंल. इचारून बघा की तिला.”

पण विचारायला ती कोडोलीत आणि कागद द्यायचा उद्या. आप्पा रागावले तरी बापच होते. पोरीची चूक चारचौघांत जाऊ नये, म्हणून त्यांनी उतरवताना प्रत्येक ‘वनस्पती’च्या जागी ‘शुद्ध तूप’ घातलं. ‘शुद्ध तुपाशिवाय मनुष्य जगू शकत नाही’ हे वाक्य त्यांना फारच पटलं. पुढे ‘काही शुद्ध तुपे वाळवंटात उगवतात व त्यांना काटे असतात’ असं झालं. काट्यांचा त्यांना उलगडा होईना. पण पोरगी शिकलेली, म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

मुलाखतीला विभागप्रमुखांनी तो कागद त्रिशलापुढे सरकवला. तिने वाचला आणि तिचे कान तापले. पहिल्याच ओळीत तिची जागा गेल्यात जमा होती, आणि अक्षर आप्पांचं, मोत्यासारखं होतं.

“काटेरी तूप मी अजून पाहिलं नाही,” ते म्हणाले. “हे कुणी लिहिलं?”

वडिलांवर ढकलणं सोपं होतं, पण तिला ते जमेना. “मीच, सर. तूप दुधाचं, दूध म्हशीचं, आन् म्हस खाती गवात. म्हंजे शेवटी समदी वनस्पतीच की.”

घाबरल्यामुळे बोली सुटली होती. विभागप्रमुख चष्मा काढून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि यादीत त्यांनी तिचं नाव लिहिलं.

घरी आल्यावर त्रिशलाने आप्पांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी तुपाची बरणी उचलून उजेडात धरली.

“म्हंजे आजवर मी वनस्पतीच इकत आलोय व्हय?”

“व्हय, आप्पा.”

दुसऱ्या दिवशी पाटी तशीच होती. फक्त खाली मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ वाढली होती : ‘वनस्पतिशास्त्र मात्र घरचे आहे.’