विद्यापीठाला हवी होती नासकी सुरमई

आगरदांड्यापासून दिघीपर्यंत अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस नाही, हे मी नम्रपणे सांगतो. मध्ये नुसती खाडीच आहे, हे मान्य. शाळेचा मास्तर मी आणि मच्छीमार सोसायटीचा चिटणीसही मीच, कारण गावात दौत एकच होती.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. केसर कोळणीच्या खारवणीत, म्हणजे मासळी खारवायच्या शेडमध्ये, नऊ बायका राबत. सुरमई चिरायची, मीठ भरायचं, पिंपांत रचायची आणि मुंबईला दयारामशेठकडे धाडायची. त्या वर्षी माल वाटेतच लाल पडू लागला. मासळीला कुणी कुंकू लावून सासरी पाठवावी, तसा. दोन खेपा परत आल्या. तिसरीही लाल निघाली तर पुढे माल दिघीहून घेईन, असा शेठचा निरोप होता. म्हणजे केसर धरून दहा चुली गार.

नेमकं तेव्हाच शाळेत विद्यापीठाचं परिपत्रक आलं. शाळांत येऊन प्रयोग दाखवू, धंद्यातल्या अडचणी सोडवू, दोन्ही फुकट. फुकट या शब्दावर माझा विश्वास नाही, म्हणून तीनदा वाचलं. खरंच फुकट होतं. मी चार पानी अर्ज ठोकला. आठव्या दिवशी चार ओळींचं उत्तर आलं. वैशंपायन नावाच्या डॉक्टरबाईंनी बिघडलेल्या मासळीचा नमुना मागवला होता.

केसरला वाचून दाखवलं, तर तिने मलाच नमुन्यासारखं न्याहाळलं.

"नासकी? येवड्या मोठ्या घरी?"

"अगं, त्यांना दोष शोधायचाय."

"मास्तर, पोरगी बघायला आले तर आपण तिची लंगडी बाजू पुढं करतो काय?"

मी हट्टाने लाल तुकडे निवडले आणि पोतडं शिवायला तिच्याकडे दिलं. तिथेच चुकलो. पंधरा दिवसांनी कळवण्यात आलं, 'नमुना उत्कृष्ट आहे. दोष आढळला नाही.' केसरने ते पत्र मला नऊ बायकांसमोर वाचायला लावलं. त्यांतली नलू तर म्हणाली, याला काच लावून घ्या. शेठची खेप मात्र तोंडावर आली होती.

मी दुसरा अर्ज केला. बाईंनी कळवलं, 'मी स्वतः येते.'

मग काय! पाहुणी येणार म्हटल्यावर खारवणी ओळखू येईना. जुनं मीठ झटकून पुन्हा वापरायची तिथली रीत होती. ते सगळं मीठ खाडीत गेलं. पिंपं काथ्याने घासून उकळत्या पाण्याने धुतली. भिंतींना चुना लावला. मिठागरावरून नवं मीठ आलं. नलूचा नवरा हरेश्वर रिकामा उभा दिसला, म्हणून त्याच्याकडून छपरावरची कावळ्यांची घाणसुद्धा काढून घेतली. मी ओरडत होतो, "अगं, पुरावा धुताय!" तर मलाच बाजूला सारून मी उभा होतो ती जागा पुसली.

बाई लाँचमधून उतरल्या. 'डॉ. वैशंपायन' म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे भारदस्त दाढीवाला उभा राहिला होता, आणि बाई आहेत हे कळूनही ती दाढी मनातून जाईना. उतरली ती चष्मा लावलेली, पाच फुटांची बाई. स्वतःची पेटी स्वतः उचललेली. बाईंनी पिंपं खरवडली. लाल काही नाही. भिंत खरवडली. चुना निघाला.

"इथे मासळी बिघडते?" त्यांनी विचारलं.

"कुनी सांगलं?" केसर म्हणाली. नऊ बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मग नवी खेप माझ्यासमोर भरा. तुमची तयारी होईतो मी शाळेत जाते." आणि सातवीच्या वर्गाला त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र दाखवलं. बावीस वर्षं मी मिठाचा खडा शिकवत होतो. त्या दिवशी तो मीही पहिल्यांदा पाहिला. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "कुणाच्या घरी लाल पडलेली मासळी आहे?"

वर्गातले एकतीसच्या एकतीस हात वर गेले. शेठने परत केलेला माल घरोघर वाटला होता, आणि घरची अब्रू हा विषय सातवीला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या दप्तरात एकेक तुकडा. शाळेला असा वास सुटला की शेजारच्या देवळातला गुरव दार लावून आत बसला. बाई मात्र दिवाळीचा फराळ मांडावा तशा बाटल्या भरत होत्या.

"एवढे अस्सल नमुने मला कुणी दिले नव्हते," त्या म्हणाल्या. विद्यापीठाबद्दलचा माझा आदर त्या वासातही वाढला.

बाईंसमोर भरलेली खेप मुंबईला गेली आणि पांढरी स्वच्छ पोचली. शेठने पुढच्या दोन खेपांची मागणी घातली. पाठोपाठ बाईंचं पत्र आलं: रोग जुन्या मिठात आणि न धुतलेल्या पिंपांत होता. माझ्यासाठी जे केलंत, तेच दर खेपेला करा.

"म्हंजे दर खेपेला बाई येनार?" केसरने विचारलं.

"त्या नाही येणार. तुम्ही धुवायचं."

"पावना न्हाय, तर कुनासाठी धुवायचं?"

मग पाहुणा मीच व्हायचं ठरवलं. पुढच्या खेपेच्या दिवशी मी लग्नातला कोट चढवला, हातात वही घेतली आणि तपासणीला आलोय अशा थाटात खारवणीच्या दारात उभा राहिलो.

केसरने मान वर केली. "मास्तर व्हय? मना वाटलं कोन आलं. बसा त्या पिंपावर."

बसलो. तासाभराने उठलो तेव्हा नऊच्या नऊ बायका पदर तोंडाला लावून माझ्या पाठीमागे बघत होत्या. कोटाचा मागचा भाग गुलाबी झाला होता.

खेप भरणं मी तिथेच थांबवलं आणि त्याच संध्याकाळी विद्यापीठाला तिसरा अर्ज लिहिला. सोबत नमुना म्हणून कोटच पाठवला. पोतडं या वेळी स्वतः शिवलं. उलट टपाली उत्तर आलं, 'नमुना उत्तम. सोमवारी येते.' केसरने त्याच दिवशी पिंपं घासायला काढली.

बाई आल्या, खेप वाचली, आणि त्यानंतर दर हंगामाला त्या येत राहिल्या. कोट विद्यापीठात काचेच्या कपाटात आहे म्हणतात. खाली गावाचं नाव लिहिलंय. माझं नाही.