मक्यात चवळी पेरणारी कल्लव्वा

जत तालुक्यातल्या कल्लव्वाकडे वैरण घ्यायला गेलात, तर आधी मक्याचं एक धाट तुमच्या हातात येईल. "चाव." चावल्याशिवाय भाव नाही. मी सायकलवर पेंढ्या बांधून धंदा सुरू केलेला माणूस. आज कुपवाडच्या गोठ्यांना माझ्या टेम्पोतून वैरण जाते. तरी त्या बाईच्या बांधावर बसून मी गुरासारखा मका चावलाय, आणि ते सगळ्या वस्तीनं पाहिलंय.

"गोड लागतंय का?"

"लागतंय की."

"मग आत्ताच कापायचं. म्होरं नुसतं लाकूड हुतंय."

माझं डोकं इथूनच फिरतं. थोडं थांबलं तर वजन वाढतं, टेम्पो भरतो. पण दाण्यात चीक भरला की हिचा विळा चाललाच. वर मक्याच्या दोन ओळींमागे चवळीची एक. वेल मक्याला मिठ्या मारतात, कापणारे शिव्या देतात, पेंढी धड बांधता येत नाही.

"आवं मावशी, निव्वळ मका पेरा की!"

"तू निव्वळ भाकरी खातोस? कालवण लागत न्हाई तुला?"

मी ओरडलो. तीही ओरडली. भांडण तापलं की ती कन्नडमध्ये जाते. त्यातला 'बेडा', म्हणजे नको, एवढाच शब्द मला कळतो. ऐकून ऐकून पाठ झालाय.

यंदाच्या उन्हाळ्यात हिरवी वैरण कुठंच मिळेना. गोठेवाले माझ्या उरावर बसले. हिचा शेताचा तुकडा मात्र हिरवागार. ती मागेल तो भाव द्यायला मी तयार झालो. असं मी कधी करत नाही. तर म्हणते, "गाय दाखव. कुणाच्या तोंडात जातंय ते बघितल्याबिगर तुकड्याला इळा लावू देणार न्हाई."

"वैरण इकताय का पोरगी देताय?"

"पोरगी देताना घाई केली. आता करत न्हाई."

शेवटी तिनं एक भारा कापला, टेम्पोत टाकला आणि स्वतः पुढच्या सीटवर येऊन बसली. कुपवाडपर्यंत मी गिअर आपटत टेम्पो हाणला. ती रस्त्यात दिसेल त्या म्हशीला नावं ठेवत होती.

गोठ्यात भारा सोडला. गायीनं आधी चवळी ओढली, मग मका.

"बघितलं न्हवं? चला." बाहेर टेम्पो चालूच ठेवला होता. दुसरी भरती खोळंबली होती.

"जेवू दे की रं तिला."

गाय जेवली. "आता रवंथ करू दे." मी बाहेर जाऊन हॉर्न दाबून धरला. परत आत आलो, तर गाय खाली बसलेली. कल्लव्वाही गुडघे धरत तिथंच शेणात बसली होती, गायीच्या पोटाला पाठ टेकून, डोळे मिटून.

गोठेवाल्यानं हळूच विचारलं, "म्हातारीच्या घरी किती जनावरं हायती?"

"एकबी न्हाई. टँकरच्या साली इकली. आता पाणी आलंय, तर गुडघं गेलं. धारंला बसता येत न्हाई," मी म्हणालो.

कल्लव्वानं डोळे उघडले नाहीत. "तुकडा कापून ने उद्या. पर दर खेपंला मला हितं आणायचं."

"परवडणार न्हाई!" मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो.

गायीच्या श्वासाबरोबर कल्लव्वाची पाठ सावकाश वरखाली होत होती.

मी बाहेर जाऊन टेम्पो बंद केला.