दक्षिणेकडची खोली

फुप्फुसांनी हात टेकले आहेत, फार तर पुढचा उन्हाळा, असे डॉक्टरांनी ऑक्टोबरात सांगितले तेव्हा विनिफ्रेड पार्जिटर रडली नाही. घरी येऊन तिने कोट खुंटीला अडकवला आणि नवऱ्याला एवढेच म्हणाली, "एडमंड, मला उन्हात मरायचंय. या ओल्या भिंतींकडे बघत बघत नाही."

एडमंडने चाळीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता. कुठल्या महिन्यात सूर्य किती वर येतो हे त्याने हजारभर मुलांच्या डोक्यात कोंबले होते, पण स्वतःच्या घरात ऊन कुठून आणावे हे त्याला कधी सुचले नव्हते. इंग्लंडात श्रॉपशायरमधले ते घर दोनशे तीस वर्षांपूर्वी एका पाद्र्याने बांधले होते, आणि पाद्र्याला उन्हाचे वावडे असावे. झोपायच्या खोल्या सगळ्या उत्तरेला. दक्षिणेला काय ती स्वयंपाकघराची एकुलती खिडकी. हिवाळ्यात तिच्यातून बारा ते एक एवढे ऊन टेबलावर येई आणि तो तासभर विनिफ्रेड तिथे हात पसरून बसे.

एडमंडने ठरवले, दक्षिणेच्या भिंतीला लागून ऑरेंजरी बांधायची. संत्र्याची झाडे थंडीत जगवायला जुन्या घरांना उंच खिडक्यांची खोली जोडत, तशी. त्याने वाचनालयातून पुस्तके आणली, आलेखाचा कागद आणला आणि तीन आठवडे टेबलावर वाकून काढले. पाच कमानदार खिडक्या, छताच्या मधोमध काच, विटा घराच्याच रंगाच्या.

विनिफ्रेडने नकाशा बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे. पण मला एक खुर्ची पुरली असती."

"खुर्ची इथे आहे," म्हणत त्याने मधोमध काढलेल्या बारक्या चौकोनावर पेन्सिल टेकवली.

घर सरकारी यादीत संरक्षित होते. कौन्सिलच्या परवानगीशिवाय खिळा ठोकता येत नसे. नोव्हेंबरात कौन्सिलच्या मिस ट्रँटर पाहणीला आल्या. बाई अतिशय सौजन्याने वागल्या आणि तिथेच पंचाईत झाली, कारण त्यांच्याशी भांडता येईना. त्या म्हणाल्या की नकाशा फार देखणा आहे आणि तो नक्की नामंजूर होईल. पाद्र्याच्या एवढ्याशा घराला ऑरेंजरी कधीच नसणार. जुन्यासारखी दिसणारी नवी खोली जोडली तर ती लोकांची फसवणूक होईल. मग साधी आजच्या काळातली काचेची खोली बांधतो, असे एडमंड म्हणाला. तो घराचा अपमान होईल, असे मिस ट्रँटर म्हणाल्या. म्हणजे जुनेही चालेना आणि नवेही चालेना.

"हां, पूर्वी इथं अशी एखादी खोली होती असा पुरावा असता, तर गोष्ट वेगळी," निघता निघता त्या म्हणाल्या.

"होती," एडमंड म्हणाला.

विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे सोडले तर एकाहत्तर वर्षांत तो खोटे बोलला नव्हता, त्यामुळे आता त्याला थांबता येईना. भिंतीशी गुलाब लावताना फावडे जुन्या विटांवर आपटले होते, असे त्याने सांगितले. विटांचे खरे होते. त्या कशाच्या होत्या ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. मिस ट्रँटरचे डोळे लकाकले आणि त्या उभ्या होत्या तिथेच टिपण करू लागल्या.

पुरावा म्हटला की खोदणे आले. जानेवारीत पुरातत्त्वाचे डॉ. फेनविक आले आणि भिंतीलगत चर पडला. पाऊस लागला म्हणून चरावर निळी ताडपत्री ताणली आणि तिची वरची कड स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर बांधली. बारा ते एकचे ऊन गेले. फेनविकांना मनापासून वाईट वाटले. दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे, असे ते म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात कुदळीने जमिनीखालची एक मोरी फोडली. पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरू लागले. मोरी दुरुस्त करायची, तर मोरीही दोनशे वर्षांची निघाली, म्हणजे तिच्याही परवानगीची वाट पाहणे आले. ताडपत्री सात आठवडे तशीच राहिली. विनिफ्रेड शाल लपेटून सवयीने त्याच जागी बसे आणि त्या उजेडात तिचा चेहरा निळा दिसे.

"मी माशासारखी दिसतेय," ती एकदा म्हणाली. एडमंडने बाहेर जाऊन ताडपत्री हाताने उचलून धरली. त्या दिवशी नेमके आभाळ आले होते.

फेब्रुवारीच्या शेवटी फेनविकांनी त्याला चरात बोलावले. विटांचा चौथरा पूर्ण मोकळा झाला होता. मधोमध पाटीच्या काळ्या दगडाची लांब लादी होती आणि तिला मोरीकडे जाणारी पन्हळ कोरलेली होती.

"कुंड्या ठेवायला?" एडमंडने आशेने विचारले.

फेनविकांनी टोपी काढली. "माणसं ठेवायला."

अठराशे बत्तीसच्या पटकीच्या साथीत गावातली माणसे इतक्या झपाट्याने गेली, की खड्डे खणणाऱ्यांचे हात पुरेनात. तेव्हा इथल्या त्या वेळच्या पाद्र्याने आपल्याच घराला लागून प्रेतघर बांधले. चर्चच्या जुन्या कागदांच्या पेटीत तशी नोंद सापडली होती.

"पण दक्षिणेला? भर उन्हात?"

"माणूस भला होता," फेनविक म्हणाले. "भूगोल कच्चा असावा."

असे प्रेतघर जिल्ह्यात दुसरे नाही म्हणून कौन्सिलात आनंदीआनंद झाला. मिस ट्रँटरनी मात्र खोदकाम बघायला आल्या तेव्हा विनिफ्रेडचा त्या निळ्या उजेडातला चेहरा पाहिला होता. त्या एडमंडसाठी वरिष्ठांशी भांडल्या, आणि मार्चच्या मध्याला निर्णय आला. इथे खोली होती हे सिद्ध झाले आहे. तिला खिडक्या किती होत्या याची नोंद नाही. सबब हव्या तितक्या काढाव्यात. अट एकच. ती लादी हलवायची नाही, झाकायची नाही. लादी नेमकी खुर्चीच्या जागी येत होती. एडमंडने नकाशा पुन्हा काढला.

तोवर भिंतीतली ओल झोपायच्या खोलीपर्यंत चढली होती आणि गारठा विनिफ्रेडच्या छातीत शिरला होता. एकवीस मार्चला सकाळी रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. एडमंड तिचा गाऊन, दात घासायचा ब्रश आणि, का कोण जाणे, नकाशाची सुरळी घेऊन मागोमाग गेला.

इस्पितळ नवे कोरे होते. तिची खोली पाचव्या मजल्यावर होती आणि दक्षिणेची भिंत छतापासून जमिनीपर्यंत काचेची होती. एडमंड दारातच थबकला. मग तो तिच्या पलंगापाशी बसला.

"मी खोटं बोललो नसतो, तर तुझी ती खिडकी तरी राहिली असती," तो म्हणाला.

"विटा तर होत्या ना," ती प्राणवायूच्या नळीआडून म्हणाली. "अर्धंच खोटं. दाखव काय आणलंयस ते."

त्याने नकाशा पांघरुणावर पसरला आणि लादीचे सगळे खरे खरे सांगितले. विनिफ्रेड हसली. हसता हसता तिला अशी ढास लागली की नर्स धावत आली आणि एडमंडकडे रागाने बघून गेली.

"म्हणजे तिथे गेले असते," धाप ओसरल्यावर विनिफ्रेड म्हणाली, "तर मला उचलायचंसुद्धा काम नव्हतं."

"जूनपर्यंत बांधून होईल."

जून किती लांब आहे हे दोघांनाही माहीत होते. तिने त्याचा हात थोपटला आणि मान वळवली.

"एडमंड, तो पडदा ओढ ना. ऊन थेट डोळ्यांवर येतंय."

तो उठला. पडद्याला दोरी नव्हती. बटण होते आणि ते चालत नव्हते. दुरुस्तीचा माणूस गुरुवारी येतो, असे नर्सने सांगितले. एडमंडने नकाशा काचेला लावून पाहिला. कागद पातळ होता, ऊन आरपार आले. मग तो स्वतःच काच आणि पलंग यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. त्याची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली.

"आता?"

"हं. असाच उभा राहा."

तिचा डोळा लागला. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, हे त्याला ठाऊक होते. भेटीची वेळ संपेपर्यंत तो त्या मापाने, तिच्याकडे तोंड करून, एकेक पाऊल डावीकडे सरकत राहिला.