ढमीच्या रक्तवाढीची फाईल

"दहा दिवसांत हिच्या अंगात इतकं रक्त भरतो, की डॉक्टरीणबाई स्वतःहून विचारतील, साहेब, हे केलंत तरी कसं!"

ही घोषणा साहेबांनी जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवरच केली. समोर ऐकायला बायको होती आणि जाळीच्या टोपलीत ढमी.

साहेब म्हणजे नोंदणी विभागात एकतीस वर्षं घासून निवृत्त झालेले अधीक्षक. खुर्ची सुटून दोन वर्षं झाली होती, पण साहेबी काही अंगातून उतरली नव्हती. घरात गॅसचं सिलिंडर बदललं तरी ते तारीख-वेळ लिहून खाली सही ठोकत. आणि ढमी म्हणजे त्यांची मांजर. नाव ठेवलं तेव्हा खरंच ढमी होती हो! आता मात्र पाठीचा कणा हाताला लागत होता आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पिसवांनी बिचारीला पार पिऊन टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मानेवर पिसवांचं औषध स्वतःच टाकलं आणि बजावलं, "रक्तात तांबड्या पेशी शंभरात तीस तरी हव्यात. हिच्या सोळा आहेत. हे लोहाचे थेंब सकाळ-संध्याकाळ पाच-पाच, न चुकता. आकडा बारावर आला तर दुसऱ्या मांजराचं रक्त चढवावं लागेल, आणि ते मिळेलच असं नाही."

खरं सांगायचं तर साहेब घाबरले होते. त्यांचा शब्द न पाळणारं आणि तरीही त्यांना जीव की प्राण असलेलं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते मांजर होतं. पण घाबरल्यावर माणूस काय करतो? जे येतं ते करतो. साहेबांना फाईल करता येत होती.

संध्याकाळपर्यंत फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. लाल शाईत, पट्टीने आखलेला. रकाने तीन. औषध देणार : लेक. तपासणार : बायको. मंजूर करणार : अर्थातच! बाटली साहेबांच्या कपाटात, किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्यावर, आणि बाटली नेण्याआधी मागणीवहीत नोंद करायची.

"बाबा, मांजराला औषध द्यायचंय की युद्ध करायचंय?" लेकीने पर्स खांद्याला लावता लावता विचारलं.

"शिस्त म्हणतात याला! जबाबदारी वाटून दिली की काम चुकत नाही."

"अहो, मी सरळ चमच्याने पाजते ना तिला," बायको म्हणाली.

"तू तपासणार आहेस. तपासणाऱ्याने कामाला हात लावायचा नसतो!"

बायकोने कपाळाला हात लावला आणि ती कणीक मळायला गेली.

दुसऱ्या दिवशी लेकीची बस चुकायला आली होती. तिने तक्त्यापुढे उभं राहून सटासट दहा दिवसांच्या वीस सह्या करून टाकल्या. तिच्या ऑफिसात सोमवारी सगळे असेच आठवड्याच्या हजेरीच्या सह्या करत. शिवाय तिचा हिशेब अगदी साधा होता. बाटली बाबांच्या कपाटात, म्हणजे थेंब बाबाच पाजणार. आपली सही नुसती नावाला. बायकोने पाहिलं, लेकीची सही आहे. म्हणजे पोरीने जाता जाता पाजलं. तिने शेजारी सही केली. साहेबांनी चष्मा पुसून दोन्ही सह्या निरखल्या आणि खाली आपली झोकदार सही ओढली. काम फत्ते!

चौथ्या दिवशी ढमीला स्टुलावर चढवेना. तिने दोन पाय वर ठेवले, विचार केला, आणि खालीच बसली.

"औषध लागू पडत नाही वाटतं," बायको काळजीने म्हणाली.

"पडेल, पडेल. यंत्रणेला वेळ द्यावा लागतो." तरी साहेबांनी तक्त्याला चौथा रकाना जोडला : फेरतपासणी. त्यातही सही त्यांचीच.

सातव्या दिवशी तिने उकडलेल्या कलेजीला तोंड लावलं नाही. साहेबांनी तातडीची बैठक बोलावली. स्वयंपाकघरात तिघं बसले, चौथी टेबलाखाली निपचित पडली होती.

"काम कुठे अडतंय?" साहेबांनी गंभीरपणे विचारलं. "तुझी सही?"

"आहे की," लेक म्हणाली.

"तुझी?"

"रोजची रोज!" बायको म्हणाली.

"माझी तर आहेच. म्हणजे आपल्या बाजूने कसूर नाही. दोष औषधात आहे!"

एवढं ठरल्यावर साहेबांना विलक्षण हुरूप आला. त्यांनी औषध कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली. 'आपल्या औषधाच्या वीस मात्रा नियमानुसार देऊनही रुग्णाच्या प्रकृतीस काडीचाही उतार नाही, सबब खुलासा व्हावा.' आता, लिहिलं तेव्हा मात्रा चौदाच झाल्या होत्या, पण पत्र दहाव्या दिवशी जायचं असल्याने पुढच्या सहा आधीच धरल्या. बरोबर तक्त्याची प्रत जोडली. दहाव्या दिवशी कपाटातली बाटली काढून जाड पाकिटात घातली, वर लिहिलं 'पुरावा क्रमांक एक', आणि ढमीची टोपली उचलून, बायकोला बरोबर घेऊन स्वारी दवाखान्यात. टोपली इतकी हलकी लागली, की वाटेत त्यांनी दोनदा झाकण उघडून ती आत आहे ना ते पाहिलं.

रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"चौदा. दोनने घसरलंय. साहेब, थेंब देताय ना?"

या प्रश्नाची साहेब वाटच पाहत होते. त्यांनी फाईल टेबलावर आपटली. "घ्या! वीस मात्रा, शंभर थेंब, साठ सह्या. फेरतपासणीच्या वेगळ्या! मला या कंपनीला धडा शिकवायचाय. तुमचा शेरा हवा."

बाईंनी तक्ता पाहिला, तक्रार वाचली, मग पाकिटातून बाटली काढली. उजेडात धरली. हलवली. झाकण पिळलं, तशी कडकन आवाज करत झाकणाची कडी तुटली.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "ही बाटली आत्ता, या क्षणी, मी पहिल्यांदा उघडली."

"तू दिलं नाहीस?" साहेबांनी लेकीला तिथूनच फोन लावला.

"मी? बाटली तर तुमच्या कपाटात! मला वाटलं तुम्ही देता!"

"आणि तू काय तपासत होतीस?" ते बायकोकडे वळले.

"सही! तुम्हीच तर सांगितलंत, कामाला हात लावायचा नाही. आणि तुम्ही हो, तुम्ही काय मंजूर करत होतात?"

साहेबांना मागणीवही आठवली. दहा दिवसांत ती कोरीच्या कोरी होती, आणि त्यांनी एकदाही उघडून पाहिली नव्हती. टोपलीत ढमीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तिला साठ सह्यांचं काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना स्वतःच्या सहीची लाज वाटली. डोळे भरून आले, ते त्यांनी चष्म्यावर ढकललं.

"आणखी दहा दिवस देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण थेंब मांजराच्या पोटात जायला हवेत. तक्त्याच्या नव्हे."

घरी पोचताच साहेबांनी तक्ता टराटरा फाडला आणि बाह्या सरसावल्या. "आजपासून औषध मी देणार! मी स्वतः!"

आता, ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याचा पेलासुद्धा शिपायाच्या हातून घेतला, त्याने मांजराला औषध पाजायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी निराळं सांगायला नको. पहिल्या दिवशी पाचपैकी एक थेंब ढमीच्या पोटात गेला, एक कानात, आणि उरलेले तीन पांढऱ्या सदऱ्यावर. दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळली, तर टॉवेल साहेबांच्या हातात राहिला आणि ढमी पलंगाखाली! अंगात रक्त नव्हतं, पण नखांत जोर कुठून येत होता देव जाणे. तिसऱ्या दिवशी बायकोने धरलं, लेकीने तोंड उघडलं, आणि पाचही थेंब आत गेले. तिघंही जमिनीवर बसून धापा टाकत होती, पण बैठकीपेक्षा किती छान वाटत होतं म्हणून सांगू!

साहेबांनी एक वेळ चुकवली नाही. पहाटे उठून कलेजी उकडायचे, बोटाने भरवायचे, मग थेंब. हातांवर ओरखड्यांची इतकी गर्दी झाली, की शेजारी घरातल्या भांडणाची चौकशी करून गेले.

नवव्या दिवशी सकाळी साहेब थेंबांची नळी भरून खोलीत शिरले. ढमी खिडकीत उन्हाला बसली होती. तिने साहेबांना पाहिलं, नळी पाहिली, आणि उडी! खिडकीतून खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून थेट कपाटाच्या माथ्यावर!

"अगं ए!" साहेब ओरडले. "धावत या! पळाली! मला बघून पळाली!"

बायको आणि लेक लाटणं-कंगव्यासकट धावत आल्या. कपाटावर ढमी शेपूट फुगवून गुरगुरत होती आणि खाली साहेब लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते. "कशी उडी मारली बघितलंस? स्टुलावर चढत नव्हती गं!" जिच्यासाठी जीव टाकला ती आता त्यांना सैतान समजत होती, पण त्या घटकेला त्याचंही त्यांना कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आकडा आला, बावीस.

"शाब्बास!" डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "धोका टळला. साहेब, हे केलंत तरी कसं?"

साहेबांची छाती फुगली. काहीतरी झणझणीत बोलायला त्यांनी घसा खाकरला.

"आता फक्त एक करा," बाई पुढे म्हणाल्या, "थेंब अजून दोन महिने चालू ठेवा. आणि आता हिच्या अंगात ताकद आलीय, जरा सांभाळून हं."

टोपलीतून ढमी फिसकारली. साहेबांनी आपले दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले आणि खालच्या आवाजात विचारलं, "डॉक्टरीणबाई, माणसांना लावायचं मलम ठेवता का हो तुम्ही?"