मटारच्या ठेल्याची नोंद नसल्याचा दाखला

विसरणे हे शासनाचे मूलभूत कर्तव्य आहे आणि शासन ते फार निष्ठेने पार पाडते. बहुतेक गोष्टी ते आपोआप विसरते. एक गोष्ट मात्र त्याने मुद्दाम, कायदा करून विसरायची ठरवली आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने गाडीने काही उपद्व्याप केला आणि प्रकरण मिटले, तर मुदतीनंतर ती नोंद काढून टाकावी, आणि पुढे परवान्याला किंवा नोकरीला तिची आडकाठी येऊ नये. इतका दयाळू नियम वाचून मला भरून येते. त्यात उणीव एकच, शेजाऱ्यांचा उल्लेख राहून गेला आहे.

आमची वसाहत जबलपुरात, कांचघरच्या मागे. साठ घरे, त्यांतली निम्मी नागपूर-भंडाऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेली. वसाहत समितीचा मी सहसचिव. समितीचे भूषण म्हणजे नारायणराव रामटेके, कारखान्याच्या रेकॉर्ड सेक्शनमधून निवृत्त. त्यांचे तत्त्व असे की जे कागदावर नाही ते घडलेले नाही, आणि जे घडलेले नाही त्याचाही कागद जवळ असावा.

२६ जानेवारी २००८ रोजी सकाळी त्यांची मुलगी विनीता, वय पंधरा, वडिलांची स्कूटर घेऊन निघाली आणि उतारावर जवळच्या पनागर गावच्या देवीदास भाजीवाल्याच्या ठेल्यावर गेली. (ती कशाला निघाली होती, हे तेव्हा कोणी विचारले नाही.) घटनेचा तपशील माझ्या वहीत असा आहे: उलटलेले ठेले, एक. फुटलेली मटारची पोती, तीन. जखमी, कोणी नाही. एक बकरी दचकली, पण लगेच मटार खाऊ लागली. मदतीला धावलेले नागरिक, एकेचाळीस. त्यांपैकी पिशवी घेऊन धावलेले, अडतीस. देवीदासला परत मिळालेले मटार, अर्धे पोते.

बाकीच्या अडीच पोत्यांचे काय झाले याची नोंद नाही. त्या आठवड्यात वसाहतीत मटारची उसळ, मटारचे पराठे, मटारभात आणि पार्वताबाईंकडे मटारचा हलवा झाला, हा योगायोग समजावा. (माझ्याकडे एकच पिशवी होती. तीही लहान.)

बालन्याय मंडळाने विनीताला समज देऊन घरी पाठवले. पुढे रीतीप्रमाणे नोंद गेली आणि शासन विसरले. सहा वर्षे वसाहत मात्र तिला 'मटारवाली' म्हणत राहिली, पण प्रेमाने.

२०१४ साली विनीता एकवीस वर्षांची. परवाना पक्का, हात त्याहून पक्का. आमच्या गल्लीतून एका दमात गाडी मागे घेणारी वसाहतीत ती एकटीच. (घेता येते असे म्हणणारे एकोणीस.) एका खासगी शाळेत व्हॅनच्या चालकाची जागा निघाली. तिला ती नोकरी मनापासून हवी होती. अर्जात रकाना होता: 'यापूर्वी वाहनासंबंधी काही प्रकरण?' तिने लिहिले, 'नाही.' कायद्याने हे बरोबर होते. नारायणरावांना झोप येईना.

"नाही असं नुसतं लिहून कसं चालते? आधार काय?"

"बाबा, रेकॉर्डच नाही आहे ना. खतम झालं ते."

"मंग खतम झाल्याचा कागद दाखव."

"काहून मागे लागून राहिले तुम्ही माझ्या?"

नारायणराव संबंधित कार्यालयात गेले. तिथले श्यामसुंदरजी भला माणूस. त्यांनी कॉम्प्युटर तपासला. "कुछ नहीं है, बाबूजी।"

"बस, तेच लिखके दे दो।"

"पर क्या लिखूँ? क्या नहीं है?"

तेव्हा नारायणरावांनी खुर्ची पुढे ओढून काय नाही ते सविस्तर सांगितले. तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला. तो असा (मूळ हिंदी): 'प्रमाणित करण्यात येते की दि. २६ जानेवारी २००८ रोजी कु. विनीता नारायणराव रामटेके हिने वयाच्या पंधराव्या वर्षी, परवाना नसताना, वडिलांची स्कूटर पनागरच्या देवीदासच्या मटारच्या ठेल्यावर घातल्याची कोणतीही नोंद या कार्यालयात आढळत नाही. प्रत माहितीसाठी: पोलीस चौकी, शाळा, वसाहत समिती.'

चौकीने आपल्याकडेही नोंद नसल्याची खात्री करण्यासाठी नवीन फाईल उघडली. महिन्याभरात नोंद नसल्याची नोंद सात ठिकाणी झाली. समितीची प्रत मी स्वतः फलकावर लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून.

विनीता दोन दिवस रडत होती. यात विनोद करण्यासारखे काही नाही, म्हणून एवढेच लिहितो.

शाळेने मुलाखतीला बोलावले. सोबत फाईल घेऊन नारायणराव, आणि चारित्र्याचा साक्षीदार म्हणून मी. समोर पाच सदस्य, त्यांतले चार आमच्याच गल्लीतले. अध्यक्ष सत्यभामाजींनी दाखला वाचला, पुन्हा वाचला.

"बेटा, ये मटर वाला क्या मामला है?"

विनीता म्हणाली, "मॅडम, उस दिन झेंडावंदन में बाबा चश्मा भूल गए थे। फोन करके बोले, स्कूटर घर पे है, चश्मा ले आ।" मग वडिलांकडे वळून, "चावी कुठं ठेवली तेही तुम्हीच सांगितलं होतं ना, बाबा?"

नारायणरावांनी फाईल चाळली. त्याचा कागद नव्हता.

"और मॅडम, उसी शाम मैं घर-घर माफी माँगने गई थी। आपके यहाँ भी आई थी। याद है, आप क्या छील रही थीं?"

सत्यभामाजींनी फाईल मिटली. गल्लीतले बाकीचे तिघे खिडकीबाहेर पाहू लागले. पाचवे पनागरचे होते, तेवढे आमच्याकडे पाहत राहिले.

"अरे, बच्ची थी। पुरानी बात है," सत्यभामाजी म्हणाल्या, आणि नेमणूक झाली.

यावरून कायद्याचे जे रूप मला समजले ते असे: लहानांच्या चुकांची नोंद पुसण्याची तरतूद करावी लागते. मोठ्यांच्या चुकांची नोंद मुळात होतच नाही, म्हणून तशी तरतूद लागत नाही.

आता विनीता रोज व्हॅन घेऊन आमच्या दारी थांबते आणि माझी नात तिच्या शेजारी बसते. देवीदास वाटेत भेटला की ती आधी त्याच्या ठेल्याला वाट देते. वसाहतीत तो एकटाच तिला नुसते 'विनीता दीदी' म्हणतो.

राहता राहिले वाचक. हे वाचून ही नोंद आता आठव्या ठिकाणी, म्हणजे तुमच्याकडे झाली आहे. ती नष्ट करण्याची पद्धत समितीने सोपी ठेवली आहे. आपण पहिल्यांदा गाडी कितव्या वर्षी चालवली, चावी कोणी दिली, आणि दुसऱ्याचा ठेला उलटला तेव्हा आपल्या हातात पिशवी होती का, एवढे तीन रकाने भरून सही करावी. कोरे अर्ज फलकाखाली ठेवले आहेत. सहा महिन्यांत एकही भरून आलेला नाही. पहिला मी भरणार होतो, पण म्हटले, आधी तुमचा येऊ द्या.