महाडिकांची शिकवणी

ज्या देशात दारू मिळत नाही, त्या देशात आमचे महाडिक मला रोज सकाळी दारू सोडायला लावतात. माझ्या घशाखाली आयुष्यात थेंब गेलेला नाही. पण इथे सौदीत खोबरहून रास अल खैरच्या प्लांटला आम्ही एका गाडीने जातो, गाडी त्यांची आहे, आणि रस्ता सव्वा तासाचा आहे.

महाडिक आमच्या प्लांटमध्ये पंप सांभाळतात. बारा वर्षांपूर्वी चिपळूणला त्यांची दारू सुटली, ती दारुड्यांनीच चालवलेल्या एका मंडळामुळे. तेव्हापासून त्या मंडळाचा जन्म हा त्यांचा एकमेव विषय. अमेरिकेत नुकतीच दारू सोडलेला, धंद्यात आपटलेला एक माणूस परगावच्या हॉटेलात उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन उचलला आणि गावात बोलायला एखादा दारुडा मिळेल का, अशी चौकशी सुरू केली. मिळाला तो एक डॉक्टर. पाव तासासाठी आला आणि तासन्‌तास बसला. "एकट्याने सुटत नाही हो देसाई," महाडिक म्हणतात आणि नेमके इथेच स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडतात.

शिवाय गाडीत लावलेली जुन्या सभासदांच्या भाषणांची रेकॉर्डिंग्ज. निम्मी खरखर, निम्मं इंग्रजी. "आता खोकेल बघा," म्हणतात, आणि रेकॉर्डिंगमधला म्हातारा खरंच खोकतो. हीच कथा त्यांनी इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या रांगेत एका सुदानी माणसाला हिंदीतून ऐकवली. तो बिचारा "खलास, खलास" म्हणत रांग सोडून गेला.

शेवटी मी गुपचूप दुसरी गाडी ठरवली.

त्याच आठवड्यात महाडिकांची मुलगी मेघना पुण्याहून दहा दिवसांसाठी आली. माझ्या बायकोने दोघांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. महाडिक हात धुवायला गेले, तसं मी मेघनाला हसत म्हटलं, "तुझ्या बाबांच्या बडबडीने माझे कान किटले बघ."



"बाबा बोलतात?" तिने विचारलं. मग हळू आवाजात सांगितलं, की पीत होते तेव्हा ते फार ओरडायचे. ती पलंगाखाली जाऊन बसायची. दारू सुटली आणि घरात त्यांचा आवाजच बंद झाला. फोनवरही जेवलीस का, एवढंच विचारतात. "मला वाटायचं, त्यांच्याकडे बोलायला काही नाहीच."

महाडिक येऊन तिच्या शेजारी बसले. जेवण संपत आलं तरी चकार शब्द नाही. मान खाली घालून ते सुरमईचा एकेक काटा काढत होते आणि साफ केलेला तुकडा तिच्या ताटात सरकवत होते.

"बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे," मेघना म्हणाली.

त्यांचा हात थांबला. तिने आपलं ताट त्यांच्याजवळ सरकवलं.