दाढेने निवडलेला पाहुणा

विटेवर उभ्या असलेल्या त्या सावळ्या कृपाळूला आधी दंडवत, मग कथा.

वडगाव पाटणात अक्कलदाढ काढायची असेल, तर भुलीची औषधे स्वतः येऊन दाढेपुढे आपली सेवा निवेदन करतात, आणि निवड दाढ करते.

हरिनाम सप्ताहाच्या अखेरच्या पहाटे गंगाधरबुवा टाकळीकरांची उजवीकडची खालची अक्कलदाढ ठणकू लागली. दुपारी काल्याचे कीर्तन त्यांचेच होते, आणि तोंड तर बोटभरही उघडेना. दंतवैद्य सुनेत्राबाई म्हणाल्या, "दाढ आत्ता काढू. पण तिची संमती हवी."

"घरात मला कधी विचारलं नाहीत," बुवांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या, "दाढेपुढे मात्र हात जोडून बसलात!"

बुवांनी गाल धरूनच मान डोलावली. कीर्तन चुकेल या भीतीने त्यांचे डोळे भरले होते.

औषधे आली. वारकऱ्यांच्या रीतीने ती एकमेकांच्या पाया पडली. लिग्नोकेन विनयाने म्हणाले, "मी लवकर येतो, काम झाले की लवकर निघतो." आर्टिकेन म्हणाले, "हाडातूनही वाट काढणे ही माझी साधना." बुपिवाकेन वयाने थोर भासत होते, सावकाश येऊन सावकाश बसले. "मला यायला वेळ लागतो," ते म्हणाले, "पण रात्रीपर्यंत उठत नाही."

बुवांना बुपिवाकेनच हवेसे वाटले. तेवढ्यात दाढ बोलली.

"बुवा, जन्मभर मागच्या ओळीत बसून मी तुमची कीर्तने ऐकली. रात्रीपर्यंत जीभ जड राहिली, तर आज काला कोण सांगणार? ज्याला वेळेवर निरोप घेता येतो, तोच पाहुणा मला द्या."

आर्टिकेनने लिग्नोकेनला वाकून नमस्कार केला. बुपिवाकेन म्हणाले, "योग्य निवाडा. मी टाळ धरीन."

दाढ निघाली. तिला धुतलेल्या रुमालात घेऊन मंडपात पहिल्या ओळीत बसवले. शब्द दिल्याप्रमाणे लिग्नोकेन पूर्वरंगाआधीच उठले, आणि बुवांची वाणी मोकळी झाली. त्यांनी गोकुळ असे उभे केले की दाढ रुमालात डोलू लागली. मात्र उत्तररंगात वेदना परतली. बुवांचा आवाज चिरकला. एका हाताने गाल धरून ते थांबले.

बुपिवाकेनने टाळ खाली ठेवला. हंडी फुटायची होती. ते उठले, दही-लाह्यांच्या काल्यात शांतपणे उतरले आणि म्हणाले, "काला एकट्याचा नसतो. बुवांचे दुखणेही यातच घ्या."

बुवांनी खुणेनेच ते दिले. हंडी फुटली. लहानथोरांनी, सुनेत्राबाईंनी, सत्यभामाबाईंनी घासभर काला घेतला. प्रत्येकाचा उजवा गाल किंचित ठणकला आणि सावकाश बधिर झाला. इतक्या जणांत वाटल्यावर दुखण्याचा कोणालाच भार झाला नाही.

बुवांनी मोकळ्या कंठाने शेवटचा अभंग म्हटला.

सत्यभामाबाई गाल चोळीत पुटपुटल्या, "आज प्रथमच तुमचं दुखणं मला नीट कळलं हो."

"आता विचारीत जाईन," बुवा म्हणाले.

आरती झाली. रात्रीपर्यंत सारे गाव डाव्या बाजूने जेवले.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो. घरोघरी दुखण्याला वाटेकरी मिळोत, आणि आलेला प्रत्येक पाहुणा समाधानाने निरोप घेवो.